चौकट आधी, शिंपा नंतर: गोव्याची जुनी खिडकी कशी वाचावी

गोव्यात जुन्या घराची दुरुस्ती निघाली की पहिला बळी जातो खिडक्यांचा. छप्पर आणि भिंती यांचा खर्च मोठा, म्हणून ते काम पुढच्या वर्षावर ढकललं जातं. जनेल, म्हणजे खिडकी, मात्र सुताराला सांगून आठ दिवसांत नवं बसवता येतं. जुनं काढलेलं अंगणात पडतं, दोन पावसाळे भिजतं आणि शेवटी चुलीत जातं. घर कसं बांधलं होतं याचा पुरावाही त्याच्याबरोबर जळतो. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या सुताराने आपण काय केलं ते कागदावर लिहून ठेवलेलं नसतं. ते त्याने लाकडात ठेवलेलं असतं: खाचेच्या खोलीत, खुंटीच्या जागेत, पटाशीच्या ओरखड्यात. हे वाचायला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक विजेरी, एक पट्टी, एक भिंग आणि सावकाश बघण्याची तयारी असली की पुष्कळ कळतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरायला हवी. जुनी खिडकी एका वयाची नसते. चौकट भिंतीबरोबर आलेली असते. झडपा मध्ये कधीतरी बदललेल्या असतात. झडपांतली तावदानं, मग ती शिंपेची (काचेऐवजी बसवलेल्या पातळ शिंपल्यांची) असोत की काचेची, त्याहूनही अलीकडची असू शकतात. बिजागऱ्या आणि कड्या तर पिढीगणिक बदलतात. त्यामुळे ‘ही खिडकी किती जुनी?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, तीन-चार असतात. लोकांचं लक्ष शिंपांकडे जातं, कारण त्या सुंदर दिसतात आणि विकत घेणाराही त्यांचेच पैसे देतो. पण बांधणीचा खरा पुरावा असतो चौकटीत, आणि नेमकी तीच रंगाच्या थराखाली दुर्लक्षित पडलेली असते.

भिंत आधी की चौकट आधी

चौकटीची चार लाकडं: खाली उंबरा, वर कपाळपट्टी आणि दोन बाजूंना उभे खांब. जुन्या पद्धतीत उंबरा आणि कपाळपट्टी खांबांपाशी संपत नाहीत. त्यांची टोकं दोन्हीकडे बाहेर येतात आणि भिंतीत शिरतात. या टोकांना शिंगं म्हणूया. वीतभर किंवा त्याहून थोडी कमी-जास्त लांबीची ही शिंगं चिऱ्यांमध्ये दाबून बसवलेली असतात.

शिंगं असली म्हणजे कामाचा क्रम कळला. भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आली, मग चौकट उभी केली, ओळंबा धरून टेकू दिले, आणि तिच्या भोवतीने चिरे चढवत नेले. शिंगाभोवतीचा चिरा तासून त्याच्या आकाराचा केलेला दिसतो, आणि मधल्या फटीत मूळ बांधकामाचा चुना असतो. हा चुना अखंड असेल तर चौकट भिंतीच्या वयाची आहे असं निर्धास्त म्हणता येतं. याउलट शिंगं करवतीने सपाट कापलेली असतील, खांबांना लोखंडी पट्ट्या ठोकून भिंतीत घातल्या असतील आणि भोवती सिमेंट असेल, तर चौकट तयार भोकात नंतर बसवली आहे. काही घरांत एकाच ओळीतल्या पाच खिडक्यांपैकी तीन पहिल्या प्रकारच्या आणि दोन दुसऱ्या प्रकारच्या निघतात. त्या दोन जागी पूर्वी दार होतं, भिंत होती की लहान खिडकी होती, याचा शोध तिथूनच सुरू करायचा.

जांभ्या दगडाच्या भिंती जाड असतात, दोन-अडीच फूट सहज. त्यामुळे चौकट भिंतीच्या जाडीत नेमकी कुठे बसवली आहे हेही मोजून ठेवावं. चौकट बाहेरच्या अंगाला असेल तर आत खोल कोनाडा उरतो, आणि त्यात दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे करता येतात. मोठ्या घरांत असे समोरासमोर ओटे दिसतात. आतला कोनाडा तिरपा कापलेला असेल, म्हणजे बाहेर अरुंद आणि आत रुंद, तर लहान भोकातून जास्त उजेड आत पसरवायचा तो प्रयत्न आहे. भिंतीच्या जाडीत चौकटीच्या वर एकच तुळई नसते. तीन-चार फळ्या शेजारी शेजारी टाकलेल्या असतात. त्यांतली सगळ्यात बाहेरची फळी पावसाने आधी कुजते आणि ती बदललेली असते. आतली फळी सहसा मूळची असते. लाकूड ओळखायचं असेल तर तिथे बघावं, तिला रंगही क्वचितच लागलेला असतो.

काच नाही, शिंपही नाही: गजांची खिडकी

तावदान नसलेली खिडकी ही सगळ्यात साधी. अंगणाभोवती, म्हणजे राजांगणाभोवती बांधलेल्या हिंदू घरांत उजेड आणि वारा आतून मिळायचा, म्हणून बाहेरच्या भिंतीला मोजक्या, लहान आणि उंचावरच्या खिडक्या असत. त्यांत लाकडी गज आणि आतून बंद करायची फळ्यांची झडप, एवढंच.

आज त्या जागी झडप नवी असते आणि गज लोखंडी असतात. तरी चौकट सगळं सांगते. उंबऱ्याच्या वरच्या अंगावर ठरावीक अंतराने चौकोनी थिगळं दिसतात का ते बघा. तीच जुन्या गजांची भोकं. थिगळ चौकोनी पण कोनावर उभं, म्हणजे पतंगासारखं दिसत असेल, तर गज कोन बाहेर करून बसवले होते. असा गज आडून बघणाऱ्याला जास्त झाकतो आणि त्यावरून पाणीही दोन्ही बाजूंना ओघळून जातं.

गजाच्या भोकाची खोली वर आणि खाली दोन्हीकडे मोजली पाहिजे. समजा उंबरा ते कपाळपट्टी मोकळं अंतर १०० सेंमी आहे, खालची खाच २ सेंमी खोल आहे आणि वरची ४ सेंमी. गज १०४ सेंमीपेक्षा जेमतेम कमी लांबीचा. तो आधी वरच्या खाचेत पूर्ण ढकलायचा, मग खालचं टोक उंबऱ्यावर सरकवून खाचेत सोडायचं. तो २ सेंमी खाली बसतो आणि वर अजून जवळजवळ २ सेंमी अडकलेला राहतो. याचा अर्थ गज चौकट बसल्यावर घातले, आणि एखादा मोडला तर बदलता येत होता. दोन्ही खाचा सारख्याच उथळ असतील तर गज चौकट जुळवतानाच आत घातले होते, आणि चौकट सोडवल्याशिवाय ते बाहेर येणं शक्य नव्हतं. चोरापासून बचाव म्हणून दुसरी पद्धत जास्त भक्कम. पहिल्या पद्धतीत गज वर उचलला जाऊ नये म्हणून कुठेतरी खुंटी ठोकलेली असते, तिचंही भोक शोधावं.

आता झडप. लोखंडी बिजागरी येण्याआधीची झडप लाकडावरच फिरायची. फळीच्या एका कडेला वर आणि खाली गोल खुंटा कोरलेला, आणि तो फिरायला कपाळपट्टीत आणि उंबऱ्यात उखळी. नंतर बिजागऱ्या लागल्या तरी उखळ्या तशाच राहतात, पुट्टी भरून. पुट्टी टोकरून काढली की उखळीचा आकार मिळतो, आणि तो गोल नसतो. झडपेचं वजन खुंट्याच्या एका बाजूला लोंबतं, त्यामुळे वरचा खुंटा झडपेच्या दिशेला ओढला जातो आणि खालचा त्याच्या उलट दिशेला रेटला जातो. वर्षानुवर्षांच्या वापराने उखळी त्या त्या बाजूला लांबट होते. आता वरची उखळी कोणत्या दिशेला झिजली आहे ते बघा. ती खोलीच्या आतल्या बाजूला झिजली असेल तर झडप बहुतेक काळ उघडी राहायची. भिंतीला समांतर, खिडकीच्या मोकळ्या जागेकडे झिजली असेल तर ती बहुतेक काळ बंदच असायची. एका बोटभर खड्ड्यातून त्या खोलीचा दिवस कळतो. म्हणून उखळी भरून टाकण्याआधी तिचा ठसा मातीत किंवा मेणात घेऊन ठेवावा.

या जुन्या झडपा चौकटीच्या आतल्या अंगावर टेकून बंद व्हायच्या. चौकटीत झडप बसण्यासाठी पायरी, म्हणजे आतल्या कडेला काटकोनी खाच, नंतरच्या कामात जास्त दिसते. ही पायरी मूळची की मागाहून कोरलेली हे ओळखायला तिचे कोपरे बघावेत. चौकट जुळवण्याआधी रंध्याने मारलेली पायरी कोपऱ्यापर्यंत सरळ स्वच्छ जाते. जागेवर कोरलेली असेल तर रंधा कोपऱ्यात पोचत नाही, शेवटचे चार-पाच इंच पटाशीने उतरवलेले असतात आणि तिथे तळ खडबडीत राहतो.

शिंपेने ठरवलेलं माप

१६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याने काचेऐवजी लाकडी जाळीत बसवलेल्या, घासून पातळ केलेल्या शिंपांचा उल्लेख केला आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत इथे रुळलेली होती. पोर्तुगीज बोलणारे तिला ‘करेपा’ची खिडकी म्हणत. शिंप ज्या जिवाची, त्याचं शास्त्रीय नाव प्लॅक्युना प्लॅसेंटा. तो चिखलाच्या उथळ किनाऱ्यावर राहतो. झुआरीच्या मुखाजवळची चिखलीची खाडी ही त्याची गोव्यातली माहीत असलेली जागा. दोन्ही शकलं जवळजवळ सपाट, गोल आणि इतकी पातळ की त्यांतून उजेड पाझरतो. शिंप कॅल्साइटच्या अतिशय पातळ पापुद्र्यांची बनलेली असते. त्यामुळे ऊन आत येतं पण टोचत नाही, सगळीकडे सारखं पसरतं.

आता हिशेब बघा, कारण खिडकीची सगळी रचना त्यातून निघते. पूर्ण वाढलेली शिंप साधारण १० सेंमी व्यासाची धरली, तर तिच्यातून निघणारा सगळ्यात मोठा चौरस ७ सेंमीचा. ५ सेंमी रुंद तुकडा हवा असेल तर तो सुमारे साडेआठ सेंमी उंच काढता येतो. शिवाय शिंपेची दोन शकलं जिथे जोडलेली असतात त्या बाजूला आत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन उंच रेघा असतात, तो भाग शक्यतो टाळावा लागतो. म्हणजे बोटांच्या मापाहून मोठं तावदान शिंपेतून मिळूच शकत नाही. लाकडाची इतकी बारीक जाळी ही सुताराची हौस नव्हती, ती त्या जिवाच्या मापाने त्याच्यावर घातलेली अट होती. एखाद्या जुन्या झडपेत कोपऱ्याकोपऱ्यांत व्हीच्या रेघा दिसल्या तर समजावं की शिंपा कमी पडत होत्या, किंवा लहान मिळत होत्या, आणि कापणाऱ्याने तुकडा वाया जाऊ दिला नाही.

एका झडपेचं उदाहरण घेऊ. बाहेरून १२० सेंमी उंच, ४८ सेंमी रुंद. चारही बाजूंच्या दांड्या वजा करून आत १०८ सेंमी उंच आणि ३६ सेंमी रुंद जागा राहते. त्यात उभ्या पट्ट्या अशा बसवल्या की एका रांगेचं अंतर ६ सेंमी, म्हणजे सहा रांगा. प्रत्येक शिंप साडेआठ सेंमी उंच आणि वरची खालचीवर १ सेंमी चढलेली, म्हणजे दिसणारी उंची साडेसात. १०८ ला साडेसातने भागलं की चौदा ओळी आणि वर थोडं उरतं. सहा गुणिले चौदा, ८४ तुकडे. दोन झडपांचे १६८. एका जिवाची दोन शकलं, दोन्ही धड निघाली तरी एका खिडकीला ८४ जीव. कापताना फुटणारे, डाग असलेले, लहान निघालेले वेगळे. दिवाणखान्याला अशा आठ खिडक्या असल्या की खाडीतून किती माल यायला हवा ते लक्षात येतं.

बांधणी दोन प्रकारची असते. एकीत उभ्या आणि आडव्या दोन्ही पट्ट्या, प्रत्येक शिंप आपल्या घरात बसलेली. दुसरीत फक्त उभ्या पट्ट्या, त्यांच्या दोन्ही कडांना खोबण, आणि शिंपा वरून एकेक करून सोडलेल्या, कौलांसारख्या एकीवर एक. या दुसऱ्या पद्धतीत खोबण एका शिंपेच्या जाडीची असून चालत नाही. दोन शिंपा जिथे एकमेकींवर येतात तिथे दुप्पट जाडी मावायला हवी. शिंप मिलिमीटरभर असेल तर खोबण अडीच-तीन मिमी रुंद लागते. त्यामुळे शिंपा सगळ्या गळून गेल्या तरी रिकामी खोबण मोजून पद्धत सांगता येते. अरुंद खोबण म्हणजे एकेरी बसवणी, रुंद म्हणजे कौलासारखी.

कौलासारख्या बसवणीत वरची शिंप खालचीच्या बाहेरून यायला हवी, तरच पाणी बाहेर उतरतं. झडप चुकून उलटी जोडली किंवा दुरुस्तीत शिंपा उलट्या भरल्या की प्रत्येक सांधा पाणी आत घेतो, आणि मग ‘शिंपेची खिडकी गळतेच’ असा शेरा तिच्या माथी बसतो. मूळची बसवणी कशी होती हे तपासायची खात्रीची खूण आहे. एक सैल झालेली शिंप काढून उजेडात तिरपी धरा. बाहेर उघडा राहिलेला भाग पावसाने किंचित झिजून निस्तेज आणि पातळ झालेला असतो. जो भाग शेजारणीखाली झाकलेला होता तो अजून चकचकीत आणि जाड असतो. दोहोंच्या मध्ये एक बारीक पायरी असते, नखाला लागते. ती पायरी कडेपासून १ सेंमीवर असेल तर तेवढं झाकण होतं. पायरी आहे पण शिंपेच्या आजच्या जागेशी ती जुळत नाही, तर ती शिंप दुसरीकडून आणून बसवलेली आहे.

वरचं टोकही बघण्यासारखं असतं. शिंपा वरून सोडायच्या तर वरची आडवी दांडी नंतर बसवायला हवी, किंवा तिच्यात एक काढता-घालता येणारी पट्टी हवी. काही झडपांत अशी पट्टी दोन खुंट्यांवर असते. ज्या झडपांत ती नसते त्यांत एक शिंप फुटली तर वरची दांडी सोडवावी लागते. मग लोक काय करतात, तर पट्टीची कड तासून शिंप समोरून घुसवतात आणि वर खिळा मारतात. अशी तासलेली कड दिसली की ती दुरुस्तीची जागा.

काच आल्यावर पुष्कळ झडपा टाकून न देता वापरात ठेवल्या गेल्या. जाळी काढली, आतल्या कडेला पायरी पाडली, दोन-तीन मोठ्या काचा बसवल्या. बाहेरून ती साधी काचेची खिडकी दिसते. पण खालच्या आणि वरच्या आडव्या दांडीची आतली कड विजेरी तिरपी धरून बघा. रंगाखाली सहा-सहा सेंमीवर लहान लहान चौकोनी फुगवटे किंवा खड्डे एका रेषेत दिसले, तर ती भरून टाकलेली पट्ट्यांची भोकं आहेत आणि ती झडप जन्माने शिंपेची आहे. हे इतक्या ठिकाणी सापडतं की काचेची खिडकी ‘नवी’ म्हणून काढून टाकण्याआधी ही एक मिनिटाची तपासणी प्रत्येकाने करावी, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

हत्यारं, खिळे, रंग

लाकडाची मागची, न दिसणारी बाजू सगळ्यात प्रामाणिक असते. समोरची रंध्याने साफ केलेली असते. मागे वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, उथळ वाटीसारखे घाव दिसले तर लाकूड हाताने चौरस केलेलं. सरळ, पण एकमेकांशी थोड्या वेगवेगळ्या कोनातल्या रेघा असतील तर दोन माणसांनी ओढलेल्या करवतीने चिरलेलं. रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल पात्याच्या यंत्राने. यंत्राच्या खुणा असलेली चौकट सतराव्या शतकातली असू शकत नाही, घराच्या दारावर कोणतंही साल कोरलेलं असो. उलट दिशेने हा नियम लागू होत नाही. हाताने चिरणं यंत्र आल्यावरही पुष्कळ वर्षं चालू होतं, म्हणून वाकसाचे घाव म्हणजे आपोआप प्राचीन असं समजू नये.

खतावणीची, म्हणजे कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ आखायच्या हत्याराची, रेघ शोधा. कूस (खाचेत शिरणारं टोक) आणि खाच कापण्याआधी सुतार खतावणीने बारीक रेघ ओढतो, आणि ती सांध्याच्या बाजूला उरते. सगळ्या खिडक्यांत ती रेघ कडेपासून तंतोतंत सारख्या अंतरावर असेल तर हत्यार एकदा लावून सगळं काम एका दमात केलेलं आहे. एखाद्या चौकटीत वेगळी असेल तर ती वेगळ्या वेळची किंवा वेगळ्या हाताची. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने मारलेल्या सारख्या खुणा, दोन रेघा, तीन रेघा, अशा असतील तर ती जुळवणीची खूण आहे: कामाच्या जागी भाग तयार करून मग घरी आणून जोडले. खुणा आज जुळत नसतील तर चौकट एकदा सुटून पुन्हा उभी राहिली आहे.

खिळ्यांबद्दल थोडक्यात. लोहाराने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता आणि डोक्यावर हातोड्याचे पैलू असलेला. तारेचा गोल, सारख्या जाडीचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्वत्र पसरला. बोथट टोकाचा आणि खाच मध्यभागी नसलेला स्क्रू हाताने कानसलेला. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. पण खिळा वय सांगतो तो ठोकण्याचं, लाकडाचं नव्हे. तारेच्या खिळ्याशेजारी जुनं चौकोनी रिकामं भोक असेल तर तोच खरा साक्षीदार.

लाकूड बहुधा सागवान, पण चौकटींना फणस, किंडळ, मत्तीही वापरलेली असते. ताज्या काढलेल्या ढलपीला चामड्यासारखा वास आणि तेलकट स्पर्श असेल तर साग. फणस आत पिवळा असतो आणि उघडा पडल्यावर तपकिरी होत जातो. मत्ती जड, गडद आणि कडेने चिरा पडणारी. चौकटीत विनाकारण रिकाम्या खाचा दिसल्या की ‘हे मोडलेल्या जहाजाचं लाकूड’ असं सांगायची गोव्यात सवय आहे. रिकामी खाच एवढंच सांगते की हे लाकूड आधी दुसऱ्या कामात होतं. ते काम जहाज होतं की शेजारचं छप्पर, याला आणखी पुरावा लागतो.

रंगाचे थर मोजणं सोपं आणि फार उपयोगाचं. आडोशाच्या जागी रुपयाएवढा भाग बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हळूहळू घासायचा, म्हणजे झाडाच्या वलयांसारखे थर उघडे पडतात. चौकटीवर नऊ आणि झडपेवर चार निघाले, आणि झडपेचा सगळ्यात खालचा थर चौकटीच्या सहाव्याशी जुळला, तर झडप कधी आली ते क्रमाने कळलं. घासताना पाणी आणि मास्क दोन्ही हवेत. जुन्या तेलरंगांत शिसं असतं, त्याची कोरडी धूळ पोटात जाणं मुलांना विशेष घातक.

बिघडतं कुठे आणि दुरुस्ती कशी

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, रुंदीला बदलतं. ३० सेंमी रुंद सागाची फळी, वलयांना समांतर चिरलेली, ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर पावणेतीन मिमीच्या आसपास फुगते. इतर बहुतेक लाकडं त्याहून जास्त. जुन्या झडपांत फळी चारही बाजूंच्या खोबणीत मोकळी सोडलेली असते ती यासाठी. तिला गोंद नसतो, खिळा नसतो. ‘खडखडते’ म्हणून कुणीतरी दोन बाजूंना खिळे मारतं, आणि पुढच्या मे महिन्यात फळी मधोमध चिरते. अशी उभी चीर दिसली की तिच्या दोन्ही अंगांना खिळे शोधा, ते सापडतातच.

शिंपेच्या झडपेत मरते ती खालची आडवी दांडी. शिंपांवरून आणि खोबणीतून उतरलेलं पाणी तिच्या वरच्या खाचांत साठतं, आणि पट्ट्यांच्या कुसा आधी कुजतात. वर रंग ठीक दिसतो, आत काडी घुसते. तपासायचं तर पातळ सुरी कुशीपाशी दाबून बघावी. चार-पाच मिमी सहज गेली तर लाकूड गेलेलं आहे. म्हणून दांडी बदलावी लागली तरी सबंध झडप बदलायचं कारण नसतं. कुजलेलं टोक चांगल्या लाकडापर्यंत कापून त्याच जातीचं, त्याच दिशेने वलयं येणारं लाकूड तिरप्या कलमाने जोडावं. कलमाचा उतार जाडीच्या सहा ते आठ पट लांब असावा, ४ सेंमी जाडीला २४ ते ३२ सेंमी. याहून आखूड कलम झडपेच्या वजनाने उघडतं. कलमाचा सांधा पाणी बाहेर उतरेल असा ठेवावा, आणि खाचांच्या तळाला बाहेरच्या बाजूने पेन्सिलीच्या शिसाएवढी भोकं पाडावीत म्हणजे पाणी साठणार नाही.

शिंपा काढण्याआधी झडपेतल्या घरांचा नकाशा काढून प्रत्येक घराला नंबर द्यावा, आणि शिंपेच्या आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीने तोच नंबर लिहावा. आतली आणि बाहेरची बाजू बदलू नये. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही लावलं की आम्ल कॅल्साइट खातं. शिंप आधी चकाकते आणि मग पापुद्रे सुटून पांढरी पडते. भांडी घासायची पावडरही नको, कॅल्साइट काचेपेक्षा बरंच मऊ असतं. वॉर्निश मारलेली शिंप काही वर्षांत पिवळी होते, आणि ते वॉर्निश काढताना पापुद्रे बरोबर येतात.

फुटलेल्या शिंपांच्या जागी नव्या कुठून आणायच्या? प्लॅक्युना प्लॅसेंटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे खाडीतून उपसून आणणं हा पर्याय नाही. मोडीत निघालेल्या झडपांच्या शिंपा जपून ठेवणं हाच मार्ग. म्हणून अंगणात टाकलेली कुजकी झडपही फेकू नये. तुटकी शिंपसुद्धा लहान रांगेला कापून चालते. गादीवर रचलेल्या थाळ्यांसारख्या त्या एकीवर एक न ठेवता, मध्ये कागद घालून, उभ्या, खोक्यात ठेवाव्यात.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पर्वरीजवळ तोर्ड्याला वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेल्या ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालयात जुन्या घरांचे भाग जवळून पाहता येतात, आणि बाणावलीच्या ‘गोवा चित्र’मध्ये सुतारांची हत्यारं. आधी हत्यारं बघावीत, पात्यांच्या रुंदी लक्षात ठेवाव्यात, आणि मग आपल्या घरच्या उंबऱ्यावरची खाच मोजावी. खाचेच्या भिंती पटाशीच्या पात्याच्या रुंदीत तुटत गेलेल्या असतात. ती रुंदी सगळ्या खिडक्यांत लिहून ठेवली की कोणत्या खिडक्या एकाच पेटीतल्या हत्याराने झाल्या, हे वहीच्या एका पानावर दिसतं.